२२ पानांचे कॉमिक तयार आहे : फुगे कोणत्या भाषेत भरावेत आणि किती प्रती छापाव्यात?

शाईचा_डाग (शहापूर, बेळगाव)

सर्वांना नमस्कार. मी दिवसा एका दुकानात फ्लेक्सच्या डिझाइनचे काम करतो आणि रात्री, घरातील मंडळी झोपल्यावर, स्वयंपाकघरातील टेबलावर कॉमिक काढतो. दोन वर्षे अशा रीतीने काम केल्यानंतर २२ पानांची एक कथा पूर्ण झाली आहे. चित्रे कृष्णधवल आहेत, ए-४ कागदावर निब आणि शाईने काढलेली आहेत आणि मुखपृष्ठ तेवढे रंगीत करण्याचा विचार आहे. पात्रांच्या संवादांचे फुगे मात्र अजून रिकामे आहेत, आणि माझी खरी अडचण तिथेच आहे.

कथा आपल्याकडील शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या रात्री घडते. एका मंडळाच्या चित्ररथावर नऊ वर्षांचा मुलगा मावळा म्हणून उभा आहे. संवाद ध्वनिमुद्रित असल्यामुळे त्याला बोलायचे काहीच नाही. प्रत्येक चौकात ट्रॅक्टर थांबला की भाला उचलायचा आणि प्रसंगाच्या शेवटी धारातीर्थी पडायचे, एवढेच त्याचे काम. पहाटे तो ट्रॉलीच्या कोपऱ्यात पडल्या जागीच झोपी जातो, मंडळाचे कार्यकर्ते तो घरी गेला असावा असे समजून पांगतात, आणि भाड्याने आणलेल्या ट्रॅक्टरचा गोकाककडचा चालक, ज्याला मराठी जेमतेम समजते, त्याला घेऊन त्याचे घर शोधत गल्लोगल्ली फिरतो. महाराजांचे चित्र मी कोठेही समोरून काढलेले नाही. जे काही दिसते ते त्या मुलाच्या उंचीवरून दिसते.

चालक अर्थातच कन्नड बोलणार आणि मुलगा आमच्या गल्लीतले मराठी बोलणार. मी पहिला मसुदा प्रमाण मराठीत लिहून पाहिला, तेव्हा ‘मला घरी सोडता का हो?’ असे विचारणारा तो मुलगा एकदम दूरदर्शनवरच्या मुलासारखा वाटू लागला. आमच्याकडे तो ‘मला घरला सोडतासा काय ओ?’ असेच विचारील. पण हे वाक्य पुण्या-मुंबईच्या वाचकाला चालेल का? चालकाचे कन्नड देवनागरीत लिहावे, कन्नड लिपीत लिहावे, की सरळ मराठीत लिहून खाली तारांकित टीप द्यावी?

दुसरा प्रश्न छपाईचा. ऑफसेटवर १,००० प्रती घेतल्यास, डिजिटलवर १०० प्रती घेण्याच्या तुलनेत, प्रत जवळजवळ निम्म्या किमतीत पडते असे मला सांगण्यात आले आहे, आणि त्यामुळे मोह होत आहे. आपल्या भागात कॉमिक विकले जाण्याची जागा तरी कोणती, हेही ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगावे. चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या मित्रांना विचारले, तर ते ‘आधी इन्स्टाग्रामवर टाक’ एवढेच सांगतात.

---

जुनी_रद्दी (निपाणी)

आपले वर्णन वाचून आनंद झाला. मी चित्रकार नाही. चाळीस वर्षे कॉमिक्स जमवणारा आणि आता निवृत्त झालेला एक शिक्षक आहे, त्यामुळे छपाईविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. भाषेविषयी मात्र एक अनुभव सांगावासा वाटतो.

आमच्या लहानपणी घरी ‘चांदोबा’ येत असे आणि शेजारच्या घरी त्याच मासिकाची कन्नड आवृत्ती येत असे. ‘चांदोबा’चे मूळ मासिक ‘चंदामामा’ १९४७ साली तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झाले आणि पुढे अनेक भाषांत निघू लागले, हे आपणास ठाऊक असेलच. चित्रे सर्व भाषांत तीच असत. खांद्यावर वेताळ घेऊन तलवार उपसून निघालेला विक्रमराजा, जो चित्रकार शंकर यांनी घराघरांत पोहोचवला, आमच्या अंकात जसा होता तसाच शेजारच्या अंकातही होता. आम्ही दोन्ही अंक शेजारी ठेवून वाचत असू आणि कन्नड अक्षरे मी शाळेत शिकण्यापूर्वी अशीच शिकलो. आधी चित्र पाहायचे, मग मराठी मजकूर वाचायचा, मग कन्नड ओळीत राजाचे नाव कोठे आले आहे ते शोधायचे. चित्र आधीच समजलेले असल्यामुळे परकी लिपी भीतिदायक वाटली नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की तारांकित टीप देऊ नये. टीप वाचण्यासाठी वाचकाची नजर चौकटीच्या बाहेर जाते आणि परत येईपर्यंत प्रसंग थंड होतो. त्या मुलाला चालकाचे बोलणे पूर्ण समजत नाही, हीच जर कथेतील गंमत असेल, तर वाचकालाही ते क्षणभर न समजू देण्यात काय बिघडले? मुलाच्या उत्तरातून किंवा चालकाच्या हातवाऱ्यातून अर्थ कळेलच.

जाता जाता आणखी एक गोष्ट. शि. द. फडणीस यांचा जन्म २९ जुलै १९२५ रोजी आमच्या निपाणीजवळच्या भोज गावी झाला. शब्दांशिवाय हसवणारी त्यांची चित्रे महाराष्ट्राने डोक्यावर घेतली, पण त्या चित्रांना महाराष्ट्राची सीमा कधीच नव्हती. ती चिक्कोडीच्या कन्नड शाळेत लावली असती, तरी मुले तितकीच हसली असती. दोन भाषांच्या काठावर जन्मलेल्या माणसाने शब्दच काढून टाकावेत, याचा मी फार अर्थ लावू इच्छित नाही, कारण त्यांचे शिक्षण आणि पुढील आयुष्य कोल्हापूर, मुंबई आणि पुणे येथे गेले. तरीही आपल्या २२ पानांपैकी किती पाने फुग्यांशिवाय उभी राहतात, हे एकदा मोजून पाहावे.

---

सेंटर_पिन (टिळकवाडी, बेळगाव)

मी छापखान्यात काम करतो, म्हणून सरळ मुद्द्याचे बोलतो.

पहिली गोष्ट अशी की २२ पाने मधोमध पिन मारून बांधता येत नाहीत. एक कागद मध्ये दुमडला की त्याची चार पाने होतात, त्यामुळे आतील पानांची संख्या चारच्या पटीतच असावी लागते. आपल्याला २४ करावी लागतील, म्हणजे सहा कागद, आणि त्यावर मुखपृष्ठाचा एक वेगळा जाड कागद. आता वाढवायची दोन पाने कोठे घालायची, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. आतील पहिले पान नेहमी उजव्या हाताला येते आणि वाचक पान उलटतो ते उजवे पान संपल्यावर. म्हणजे अचानक काही दाखवायचे असेल, तर ते डाव्या, सम क्रमांकाच्या पानावर यायला हवे. आपण सुरुवातीला एक आणि शेवटी एक असे पान घातले, तर संपूर्ण कथा एका पानाने सरकेल आणि जे उलटल्यावर दिसायला हवे ते आधीच समोर दिसेल. ट्रॉलीत झोपलेला मुलगा एकटाच उरला आहे हे दाखवणारे पान आपल्याकडे असणारच. ते आज सम क्रमांकावर असेल, तर दोन्ही पाने सुरुवातीलाच घाला किंवा दोन्ही शेवटी घाला. ते विषम क्रमांकावर असेल, तर मात्र एक पान पुढे आणि एक मागे घालणे हाच उपाय आहे.

दुसरी गोष्ट आकाराची. ए-४ वर काढलेले चित्र ए-५ वर छापले की ते सुमारे ७१ टक्के होते. मूळ कागदावर १४ पॉइंटचे अक्षर छापील पानावर जेमतेम १० पॉइंटचे उरते, आणि केसासारखी बारीक रेष तर तुटकच येते. म्हणून फुगे भरण्यापूर्वी दोन पाने झेरॉक्सवर लहान करून, हात लांब करून वाचून पाहा. रेखाचित्रे स्कॅन करताना ६०० डीपीआयपेक्षा (दर इंचातील ठिपके) कमी घेऊ नका, आणि जे चित्र पानाच्या कडेपर्यंत जाते ते कटिंगच्या रेषेबाहेर ३ मिलिमीटर वाढवून द्या. नाहीतर कडेला पांढरी चीर दिसते आणि शिव्या छापखान्याला मिळतात.

तिसरी गोष्ट १,००० प्रतींच्या मोहाची. ऑफसेटवर प्लेट करणे आणि यंत्र जुळवणे यांचा खर्च १०० प्रतींना जेवढा, तेवढाच १,००० प्रतींना येतो. तो जास्त प्रतींत वाटला जातो म्हणून प्रत स्वस्त दिसते. पण आपण प्रत विकत घेत नाही, गठ्ठा विकत घेतो. आमच्याकडे एक कवी आपले संग्रह घेऊन गेले आणि दोन पावसाळ्यांनंतर त्यातील सहा गठ्ठे परत घेऊन आले, कारण पिनांना गंज चढून मधल्या पानांवर तांबूस डाग उतरले होते. बेळगावचा पाऊस आपल्याला ठाऊक आहे. माझा सल्ला असा की आत ९० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ९० ग्रॅम) मॅपलिथो, म्हणजे साधा छपाईचा कागद, मुखपृष्ठाला १७० जीएसएमचा आर्ट पेपर घ्या आणि डिजिटलवर १०० प्रती काढा. अशी एक प्रत साधारण ४४ ग्रॅमची होते, म्हणजे शंभर प्रती साडेचार किलोच्या आत बसतात आणि पाठपिशवीतून कोठेही नेता येतात.

भाषेबाबत एकच. अक्षरे संगणकावर करणार असाल, तर आमच्याकडे जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल आणू नका; युनिकोडमध्ये करा आणि शेवटी अक्षरांच्या बाह्यरेषा करून पीडीएफ द्या. इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर देवनागरी जोडाक्षरे नीट दाखवते.

---

मलप्रभा (मूळ खानापूर, सध्या बंगळुरू)

दादा, मी गेली सहा वर्षे स्वतःची छोटी कॉमिक्स काढून विकते आहे. उपजीविका त्यावर होत नाही, हे आधीच सांगून टाकते. माझे घरभाडे पाठ्यपुस्तकांच्या चित्रांवर निघते.

सेंटर_पिन यांचे सगळे पटले, पण अक्षरांचे काम संगणकावर करण्याआधी आपण स्वतःच्या हाताने करून पाहावे असे मला वाटते. आपल्या चित्रांतील निबची रेष आणि फॉन्टची एकसारखी रेष एका चौकटीत आली की फुगा वरून चिकटवल्यासारखा दिसतो. देवनागरीची स्वतःची काही वैशिष्ट्ये आहेत, जी रोमन कॉमिक्स पाहून शिकलेल्या माणसाच्या लक्षात येत नाहीत, आणि माझ्याही पहिल्या पुस्तकात आली नव्हती. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार. त्यामुळे दोन ओळींत अंतर जास्त लागते आणि फुगा नेहमी आपण कल्पिलेल्यापेक्षा उंच होतो. इंग्रजी कॉमिक्समध्ये भर देण्यासाठी अक्षर तिरके आणि जाड करतात. तिरकी देवनागरी मात्र वाऱ्याने कलंडलेल्या कुंपणासारखी दिसते. भर द्यायचा असेल, तर शब्द मोठा करावा किंवा त्याला स्वतंत्र ओळ द्यावी. मराठी ल आणि श यांची वळणे हिंदीपेक्षा निराळी आहेत, आणि ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र नीट वळवला नाही तर मराठी डोळ्याला लगेच खटकते. आवाजाचे शब्द तर हातानेच काढावेत. आपल्या भाषेत धप्प, खळ्ळकन, सर्रकन, टणटण असा एवढा मोठा खजिना असताना, मराठी कॉमिकमध्ये ‘धूम’ आणि ‘बँग’ वाचावे लागते याचे मला वाईट वाटते.

आता दोन भाषांविषयी. मी तिन्ही पर्याय वापरून पाहिले आहेत. कन्नड लिपी थेट वापरली तेव्हा महाराष्ट्रातील वाचकांनी तो फुगा सरळ ओलांडला. त्यांना तिथे आवाज ऐकूच आला नाही. सगळे मराठीत लिहून कन्नड फुग्यांना वेगळा आकार दिला, तेव्हा सर्वांना समजले, पण दोन माणसे एकमेकांना समजत नाहीत ही भावनाच नाहीशी झाली. कन्नड देवनागरीत लिहिले, तेव्हा मराठी वाचकाला निदान नाद ऐकू आला. ‘ऊटा आतेनु?’ असा फुगा आहे आणि चालक हाताने घास दाखवतो आहे, एवढे पुरते. मात्र असे फुगे आखूड असावेत. तीन-चार शब्दांपलीकडे देवनागरीतील कन्नड वाचणे म्हणजे खडे निवडणे होते.

पुढे कधी कन्नड आवृत्ती काढण्याची इच्छा असेल, तर आताच एक काळजी घ्या. चित्राची फाइल आणि फुग्यांतील मजकुराची फाइल वेगळी ठेवा आणि फुग्यात थोडी मोकळी जागा सोडा, कारण कन्नड अक्षरे गोल व रुंद असतात आणि त्यांचे ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातील दुसरे अक्षर, खाली उतरते. हाताने लिहिणार असाल, तर मजकूर चित्राच्या कागदावर न लिहिता वर ट्रेसिंग पेपर ठेवून लिहा. फॉन्टच वापरायचा झाला, तर ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेने केलेला बलू हा मोफत फॉन्ट देवनागरीत आहे आणि त्याचा कन्नड भाऊही आहे, त्याचे नाव बलू तम्मा. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, आणि आपला चालक त्या मुलाला बहुधा त्याच शब्दाने हाक मारील.

विक्रीबाबत माझा अनुभव संमिश्र आहे. कॉमिक कॉनचा मेळा २०११ साली दिल्लीत सुरू झाला आणि पुढे बंगळुरूतही भरू लागला. तिथे गर्दी प्रचंड असते, पण ती बहुतांशी परदेशी नायकांचे कपडे, मूर्ती आणि टी-शर्ट यांच्यासाठी आलेली असते. स्वतंत्र चित्रकारांच्या टेबलांपाशी येणारे लोक वेगळे असतात. ते पान उलटतात, वास घेतात, आणि मग विचारतात, ‘ही कोणती भाषा?’ मागच्या वेळी मी एका मैत्रिणीबरोबर अर्धे टेबल घेतले होते. मराठी कॉमिकच्या ४१ प्रती गेल्या, आणि त्याच्या दुपटीहून अधिक स्टिकर गेले. टेबलाचे भाडे सुटले ते स्टिकरांमुळे. इंडी कॉमिक्स फेस्टसारखे छोटे मेळे त्या मानाने घरगुती असतात आणि तिथे चित्रकारच एकमेकांची पुस्तके विकत घेतात. पैसे तेच फिरतात, पण ओळखी होतात. आपण पहिल्या वर्षी बंगळुरूला येण्याची घाई करू नये. पाचशे किलोमीटर येऊन साठ प्रती विकण्यापेक्षा, ज्या रात्रीची ही कथा आहे ती रात्र ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्यापुढे ती आधी ठेवावी.

आणि एक व्यावहारिक सूचना. उद्या एखादे मंडळ किंवा प्रकाशक ‘ही चित्रे आम्हाला द्या’ म्हणाले, तर तोंडी होकार देऊ नये. कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतर लेखी असावे लागते, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. माझ्या एका जुन्या पुस्तकातील पात्र एका दुकानाच्या पिशवीवर छापलेले मला बाजारात दिसले होते. तेव्हा माझ्याकडे दाखवायला कागद नव्हता.

---

पेठेतला_वाचक (पुणे)

चर्चा उत्तम चालली आहे, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. बोलीचा आग्रह मला समजतो, परंतु कॉमिक वाचणारी मुले आधीच मराठी वाचताना अडखळतात. त्यांच्यापुढे ‘सोडतासा काय ओ’ आणि त्यावर देवनागरीतील कन्नड ठेवले, तर ती पुस्तक मिटून मोबाइल घेतील. शिवाय बेळगावकडे ‘मी काम केलो’ असे म्हणतात; ते छापले, तर शिक्षक त्याला चूक म्हणतील. प्रमाण मराठीत एखाददुसरा स्थानिक शब्द घातला तरी वातावरण पुरेसे उभे राहील.

---

जुनी_रद्दी (निपाणी)

शिक्षक म्हणून या आक्षेपाला उत्तर देणे मला भाग आहे. ‘मी काम केलो’ ही आमच्याकडील मुलांची चूक नव्हे. कन्नडमध्ये भूतकाळातही क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते आणि शतकानुशतकांच्या शेजारामुळे ती रचना आमच्या मराठीत मुरली आहे. निबंधात मी तिला लाल शाईने खूण केली असेल, नव्हे केलीच आहे. पण फुगा म्हणजे निबंध नव्हे. फुगा हे माणसाचे तोंड आहे. चौकटीच्या वरच्या पट्टीत येणारे निवेदन प्रमाण मराठीत ठेवावे आणि तोंडातले शब्द तोंडाप्रमाणे ठेवावेत, म्हणजे मुलांना दोन्हींतील फरकही दिसेल. शिवाय मुले अडखळतात ती अनोळखी शब्दामुळे कमी आणि लांब फुग्यामुळे जास्त. आपण कधी सातवीच्या वर्गात बसून पाहावे.

विक्रीच्या जागेविषयी मलप्रभाताईंच्या बोलण्याला पुस्ती जोडतो. कडोली, कुद्रेमनी, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत हिवाळ्यात मराठी साहित्य संमेलने भरतात. सकाळी ग्रंथदिंडी निघते, शाळेची मुले लेझीम खेळत पुढे असतात, आणि दिवसभर मंडपाच्या कडेला पुस्तकांची टेबले असतात. त्या टेबलांवर कादंबऱ्या, चरित्रे आणि दिवाळी अंक पुष्कळ असतात. आमच्याच मातीतले कॉमिक मी तिथे कधीही पाहिलेले नाही. मुले मात्र शेकड्यांनी असतात आणि त्यांच्या खिशात त्या दिवशी खाऊचे पैसे असतात.

---

सेंटर_पिन (टिळकवाडी, बेळगाव)

खाऊचे पैसे म्हणजे किती, त्यावर किंमत ठरेल. समजा प्रत ४० रुपयांना पडली आणि छापील किंमत १०० ठेवली. दुकानदार ३५ टक्के घेईल, म्हणजे आपल्या हातात ६५ येतील आणि खर्च वजा जाता २५ राहतील. संमेलनाच्या टेबलावर स्वतः बसून ८० ला विकली, तर ४० राहतात. मुखपृष्ठाच्या मागे १०० छापा आणि टेबलावर ८० घ्या. उलट करता येत नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेच्या संकेतस्थळावरून मोफत मिळतो. दुकानात ठेवणार असाल तर छपाईपूर्वी अर्ज करा.

---

शाईचा_डाग (शहापूर, बेळगाव)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले त्याबद्दल आभार मानतो. गेले दहा दिवस याच सूचनांवर काम केले, ते थोडक्यात सांगतो.

जुनी_रद्दी सरांच्या सांगण्यावरून फुगे झाकून पाने वाचली. २२ पैकी नऊ पाने शब्दांशिवायच समजतात असे दिसले आणि त्यातील पाच पानांवरचे नियोजित संवाद मी काढून टाकले. हे करताना एक जुनी गोष्ट नव्याने लक्षात आली. लहानपणी रामदेव गल्लीच्या कोपऱ्यावर आजीच्या मांडीवर बसून मी चित्ररथ पाहत असे. आपण एका जागी बसलेलो असतो आणि प्रसंगामागून प्रसंग समोरून सरकत जातात, दोन ट्रॅक्टरांच्या मध्ये काही वेळ फक्त अंधार आणि ढोल-ताशा असतो, आणि त्या वेळात पुढे काय येणार याचा विचार आपण करत असतो. मी चौकटींमध्ये जी पांढरी पट्टी सोडतो, ती बहुधा तिथूनच आलेली आहे. वाढवायच्या दोन पानांसाठी तोच अंधार वापरला आहे. ट्रॉलीत मुलगा एकटा उरल्याचे चित्र माझ्या ८ व्या पानावर होते, म्हणून दोन्ही पाने सुरुवातीला घातली आणि ते आता १० व्या पानावर, उलटल्यावरच, दिसते.

पेठेतला_वाचक यांचा आक्षेप मी झटकलेला नाही. मुलाची बोली ठेवली आहे, पण कोणताही फुगा बारा शब्दांच्या पुढे जाऊ दिलेला नाही, आणि गल्लीतील सातवीच्या तीन मुलांकडून झेरॉक्स प्रत मोठ्याने वाचून घेतली. ती एकाच ठिकाणी अडखळली, आणि तो शब्द प्रमाण मराठीतला होता : ‘धारातीर्थी’.

चालकाचा पहिला फुगा मी ‘नीनु एल्लिगे होगुत्तीया?’ (तू कुठे जातोस?) असा लिहिला आहे. शेजारच्या काकांनी तो तपासला. १०० प्रती काढायचे ठरवले आहे.

---

घटप्रभा (गोकाक)

माझी मातृभाषा कन्नड आहे आणि मराठी वाचते, पण लिहिताना चुका होतात, त्या समजून घ्याव्यात. आपल्या शेजारच्या काकांनी तपासलेले वाक्य व्याकरणाने बरोबर आहे, परंतु ते पुस्तकातले कन्नड आहे. आमच्याकडचा ट्रॅक्टर चालवणारा माणूस पहाटे चार वाजता झोपलेल्या पोराला असे विचारणार नाही. तो म्हणेल, ‘एल्लिगे होंटी तम्मा?’ आपण मराठी मुलाला दूरदर्शनवरचे मराठी बोलू दिले नाही, तर आमच्या माणसाला तरी बातम्यांतले कन्नड का बोलायला लावता?

---

शाईचा_डाग (शहापूर, बेळगाव)

ताई, आपले म्हणणे मान्य आहे आणि थोडी लाजही वाटली. आज रात्री तो फुगा बदलला. ‘होगुत्तीया’ गेल्यामुळे ओळ आखूड झाली, फुगा लहान झाला आणि त्यामागे झाकला गेलेला कपिलेश्वर मंदिराचा कळस आता पूर्ण दिसतो आहे. चालकाचे आणखी चार फुगे शिल्लक आहेत. आपली हरकत नसेल, तर ते छापण्यापूर्वी आपल्याला पाठवतो.